ऑपरेटरला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट बघा

केमिकल कंपनीत स्फोट झाला की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिल्या तासात टीव्हीवर "बॉयलर फुटला" अशी पट्टी फिरायला लागते. दुसऱ्या दिवशी नेतेमंडळी येतात, मदत जाहीर होते, "धोकादायक कारखाने हलवणार" अशी घोषणा होते. आणि कॅमेरे निघून गेले की पंधरा-वीस दिवसांनी दबक्या आवाजात निष्कर्ष येतो: प्रथमदर्शनी ऑपरेटरची चूक. तो ऑपरेटर बहुतेक वेळा स्वतःची बाजू मांडायला जिवंत नसतो. असला तरी बर्न्स वॉर्डात असतो.

तारापूर, जानेवारी २०२०. लोटे, मार्च २०२१. महाड, नोव्हेंबर २०२३. डोंबिवली, मे २०२४. ही फक्त मोठ्या बातम्या झालेली नावं. यातला अमुक स्फोट तमुक कारणाने झाला असं मी इथे सांगणार नाही. ते अहवालाने सांगायचं असतं, आणि आपल्याकडे अहवालांचं काय होतं त्यावर पुढे येतोच.

मी आयटीआय करून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो. गेली चोवीस वर्षं एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये हेच काम करतोय. आधी ठेकेदाराकडे, मग कायम, आता पुन्हा ठेक्यावर. आज एका लहानशा वस्तूबद्दल लिहितोय, कारण तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. थर्मोस्टॅट.

हो, तोच. तुमच्या गिझरमध्ये असतो, इस्त्रीत असतो. ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करायचा, थंड झालं की चालू करायचा. कारखान्यात हीच वस्तू ड्रायरवर असते, गरम तेलाच्या यंत्रणेवर असते, ड्रम तापवायच्या ओव्हनवर असते, पाइपवर गुंडाळलेल्या हीटिंग टेपवर असते. काम तेच. फक्त आजूबाजूची हवा वेगळी असते.

थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच. भार चालू असताना स्विच उघडला की ठिणगी पडते. घरात त्याचं काही वाटत नाही. पण जिथे हेक्झेनची वाफ आहे तिथे पेट घ्यायला लागणारी ऊर्जा एक मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याइतकीच असते. हायड्रोजनला तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी पुरते. हीटरचा करंट तोडताना साध्या थर्मोस्टॅटच्या कॉन्टॅक्टवर जी ठिणगी पडते, ती याच्या कितीतरी पट मोठी असते. आणि ती दिवसातून शेकडो वेळा पडते, न चुकता. तुम्ही गेटवर कामगाराच्या खिशातली काडेपेटी काढून घेता, मोबाइल जमा करता, आणि आत ड्रायरवर दर पाच मिनिटांनी काडी ओढणारं यंत्र बसवून ठेवता. हे मला चोवीस वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

म्हणून धोक्याच्या जागेचे झोन पाडतात. जिथे ज्वलनशील वाफ सतत असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १, फक्त काही बिघडलं तरच आणि थोडा वेळ येते तो झोन २. पावडर-धूळ असेल तर २०, २१, २२. त्याप्रमाणे उपकरण निवडायचं असतं. कुठला वायू आहे त्यावरून गट: टू-ए, टू-बी, टू-सी. उपकरणाचा पृष्ठभाग किती तापू शकतो त्यावरून टी१ ते टी६. टी१ म्हणजे ४५० अंशांपर्यंत, टी३ म्हणजे २००, टी४ म्हणजे १३५, टी६ म्हणजे ८५. हेक्झेन साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटतो, नुसत्या गरम पत्र्याने. तिथे टी२ चं उपकरण बसवलं तर कागदावर "एफएलपी आहे" हे खरं असतं, आणि तरीही ते चुकीचं असतं.

आता एफएलपीबद्दल. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यातल्या निम्म्या इंजिनिअरांना वाटतं की फ्लेमप्रूफ डब्यात गॅस शिरत नाही. शिरतो! दिवसा डबा तापतो, रात्री थंड होतो, तो श्वास घेतल्यासारखी बाहेरची हवा आत ओढतो. फ्लेमप्रूफचा अर्थ असा की आत स्फोट झाला तरी डबा फुटणार नाही, आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडणारी ज्वाला त्या अरुंद फटीतच थंड होईल. म्हणजे सगळी मदार त्या फटीवर. ती मिलिमीटरच्या अंशात मोजतात.

आणि आता कोकणातल्या पावसात त्या फटीचं काय होतं ते ऐका. हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय, एका नाही, अनेक ठिकाणी:

१) आठ बोल्टचं झाकण, लावलेले चार. "बाकीचे गंजले होते, तोडावे लागले."

२) पाणी जातं म्हणून सांध्यात रबराचं पॅकिंग किंवा सिलिकॉन. उत्पादकाने दिलेलं नसताना सांध्यात काहीही घातलं की ती मोजलेली फट राहतच नाही. पाणी थांबलं असेल, पण डबा आता फ्लेमप्रूफ उरला नाही.

३) साधी केबल ग्लँड. किंवा मोकळ्या राहिलेल्या भोकात एमसील. एवढा महागडा डबा, आणि त्याला एमसीलची बूच.

४) जास्तीची केबल आणायची म्हणून डब्याला ड्रिलने नवं भोक. त्या क्षणी त्याचं सर्टिफिकेट रद्दी झालं, पण प्लेट बाहेर चमकत असते, ऑडिटवाला तिचा फोटो काढून जातो.

५) बल्ब थर्मोवेलमध्ये न बसवता नुसता लटकवलेला. मग तो हवेचं तापमान सांगतो, मालाचं नाही.

६) चालू लाइनवर झाकण उघडून सेटिंग बदलणं. झाकणावर लिहिलेलं असतं की वीजपुरवठा बंद केल्याशिवाय उघडू नका. पण त्यासाठी हीटर बंद करायला हवा, परमिट काढायला हवं, आणि बॅच उशिरा गेली तर प्रॉडक्शनवाले साहेब ओरडतात.

या सहापैकी एक तरी गोष्ट ऑपरेटर करतो का? ऑपरेटर बोल्ट लावत नाही, ग्लँड विकत घेत नाही, भोक पाडत नाही. तो फक्त त्या डब्यापासून चार फुटांवर आठ तास, आणि रिलिव्हर आला नाही तर सोळा तास, उभा असतो.

आता दुसरी बाजू, चालवण्याची. बहुतेक ठिकाणी जुना बल्ब-कॅपिलरीचा थर्मोस्टॅट असतो. बल्बमधला द्रव तापला की फुगतो, बारीक तांब्याच्या नळीतून दाब येतो, स्विच उघडतो, हीटर बंद. सोपं आणि टिकाऊ. पण ती नळी घासून किंवा वाकून तुटली तर? दाब येणारच नाही. थर्मोस्टॅटला वाटेल थंड आहे, आणि हीटर चालूच राहील. म्हणजे वस्तू बिघडते तीच धोक्याच्या दिशेने. यावर उपाय नवा नाही. नळी फुटली तर स्विच आपोआप उघडेल अशी रचना असलेले थर्मोस्टॅट मिळतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरा, वेगळा मर्यादा-थर्मोस्टॅट लावायचा: स्वतःचा वेगळा बल्ब, वेगळा कॉन्टॅक्टर, आणि एकदा पडला की माणसाने हाताने रिसेट केल्याशिवाय हीटर पुन्हा चालू होऊ न देणारा. वेगळा कॉन्टॅक्टर यासाठी की पहिल्याचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले तर थर्मोस्टॅट कितीही ओरडला तरी हीटर बंद होत नाही. एक रोजच्या कामाला, एक जीव वाचवायला. दोन्ही कामं एकाच थर्मोस्टॅटवर ढकलणं म्हणजे वॉचमनलाच चोर पकडायला आणि त्यालाच स्वतःवर लक्ष ठेवायला सांगणं.

मग हा दुसरा थर्मोस्टॅट सारखा पडायला लागतो. का पडतो? कारण काहीतरी खरंच जास्त तापतंय: पंखा मंद झालाय, फिल्टर चोंदलाय, ट्रे जास्त भरलेत. शोधायला अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा दोन इंचांची वायर सोपी. जंपर मारला, काम चालू.

मी काम केलेल्या एका कंपनीत (नाव घेत नाही, कारण हे एका कंपनीपुरतं नाही) सॉल्व्हंट ड्रायरच्या मर्यादा-थर्मोस्टॅटला जंपर मारायला मला तोंडी सांगितलं गेलं. मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या." ते म्हणाले, "अरे, तू काय वकील आहेस का? रात्रीपुरतं मार, उद्या बघू." मी मारला नाही. दुसऱ्या दिवशी माझी दुसऱ्या प्लांटला बदली झाली, आणि ते काम ठेकेदाराच्या मुलाने केलं. ती "रात्र" सात आठवडे चालली. मग एका पहाटे ट्रे बाहेर काढताना भडका उडाला. तेवीस वर्षांचा पोरगा, उत्तर बिहारमधून आलेला, दोन्ही हात आणि चेहरा. वाचला. पण त्या हातांनी आता तो कुठलंच काम करू शकत नाही. कंपनीच्या अंतर्गत अहवालात लिहिलं गेलं: कामगाराने ड्रायर पुरेसा थंड होण्याची वाट पाहिली नाही. जंपरचा उल्लेख नाही. तो जंपर आग विझल्यावर तासाभरात काढला गेला होता.

"ऑपरेटरची चूक" ही अशी तयार होते. खोटं बोलावं लागत नाही, फक्त गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांपासून सांगायला सुरुवात करायची.

हे आपलं नवं नाही. भोपाळ आठवा. मिथाइल आयसोसायनेट शून्याच्या आसपास, पाच अंशांच्या आत ठेवायचं होतं. ते ३९ अंशांना उकळतं. १९८४ मध्ये, दुर्घटनेच्या काही महिने आधी, टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद केली गेली. टाकी नेहमीच जास्त गरम राहायला लागली, म्हणून उच्च तापमानाचा अलार्म कामाचाच उरला नाही. मग २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरलं आणि तापमान चढत गेलं, तेव्हा ते वेळेवर ओरडून सांगणारं काही नव्हतं. पाणी कसं शिरलं यावर चाळीस वर्षं वाद चाललाय, कंपनीने तर नाराज कामगाराकडे बोट दाखवलं. शीतकरण कोणी बंद केलं यावर वाद नाही. तो व्यवस्थापनाचा निर्णय होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या औद्योगिक दुर्घटनेतसुद्धा बोट शेवटी कामगाराकडेच वळवलं गेलं, तर आमच्या शेडमधल्या ड्रायरचं काय घेऊन बसलात!

आता जे आक्षेप येतील ते माहीत आहेत. एकेक घेतो.

"लघुउद्योगांना हे परवडत नाही." एफएलपी थर्मोस्टॅट साध्यापेक्षा कितीतरी महाग असतो हे खरं. पण स्विच धोक्याच्या जागेत बसवायलाच हवा असं कोणी सांगितलं? शेडमध्ये फक्त एक आरटीडी सेन्सर ठेवा, त्याची वायर आयएस बॅरिअरमधून घ्या, आणि कंट्रोलर व कॉन्टॅक्टर बाहेर सुरक्षित खोलीतल्या पॅनेलमध्ये. बॅरिअर त्या वायरमधली ऊर्जा इतकी कमी ठेवतो की ती तुटली, शॉर्ट झाली तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी पडत नाही. अर्थिंग मात्र चोख हवं. यात सेटिंग बदलायला डबा उघडायची गरज नाही, कोणाला शेडमध्ये जायचीही गरज नाही. हे तंत्र जुनं आहे, पुस्तकात आहे, बाजारात आहे. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी कोटेशन मागवलंय का, हे आधी विचारा.

"कारखानेच हलवा." डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यातल्या स्फोटात १२ जण गेले तेव्हाही हे ऐकलं, २०२४ मध्येही ऐकलं. वस्तीतून धोकादायक कारखाने हलायला हवेत, याला माझा विरोध नाही. पण हलवल्यावर तोच ड्रायर, तोच जंपर आणि तोच ठेकेदार सोबत जाणार. फरक एवढाच की पुढच्या वेळी सोसायट्यांच्या काचा फुटणार नाहीत, म्हणून बातमी होणार नाही. मरायचे ते कामगार मरतीलच. तेलंगणात पाशमैलारमला ३० जून २०२५ ला औषधनिर्मितीत लागणारी सेल्युलोजची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून जास्त माणसं गेली. तो औद्योगिक वसाहतीतलाच कारखाना होता. कामगारांना वसाहतीबाहेर कुठे हलवणार?

"पुन्हा इन्स्पेक्टर राज आणायचंय का?" नाही. इन्स्पेक्टर येऊन पाकीट घेऊन जाण्याचं कौतुक मलाही नाही. पण स्वयंप्रमाणपत्र म्हणजे काय? ज्याने जंपर मारायला सांगितलं त्यानेच वर्षाअखेर सही करायची की सगळं ठीक आहे. बॉयलर चालवायला परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. बॉयलरसाठी १९२३ पासून वेगळा कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. आणि झोन १ मध्ये फ्लेमप्रूफ डब्यावर काम करणाऱ्या फिटरला? काही नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता आला की पुरे. पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. डब्याची मंजुरी तिथून येते, चाचणी धनबादच्या प्रयोगशाळेत होऊ शकते, सगळं रीतसर. पण सर्टिफिकेट डब्याला मिळतं, तो बसवणाऱ्याला नाही. ब्रिटनमध्ये अशा कामगारांसाठी कॉम्पेक्स नावाची प्रशिक्षण आणि परीक्षेची योजना आहे. आपल्याकडे मानकं आहेत: उपकरण कसं निवडायचं आणि बसवायचं त्याचं एक, तपासणी आणि देखभाल कशी करायची त्याचं दुसरं. आयएस/आयईसी ६००७९, भाग १४ आणि भाग १७. ती वाचलेला माणूस शॉपफ्लोअरवर दाखवा. मराठीत तर ती नाहीतच माझ्या पाहण्यात.

आता मागण्या. भाषण पुरे.

एक: स्फोट आणि मोठ्या आगीचा प्रत्येक चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर, मराठीत, जाहीर व्हावा. डोंबिवलीच्या २०१६ च्या स्फोटाचा अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकार वापरावा लागला. शेजारच्या कंपनीने त्यातून शिकायचं कधी?

दोन: अहवालात "मानवी चूक" लिहायची असेल तर त्याखाली तीन ओळी सक्तीच्या करा. कुठल्या सुरक्षा यंत्रणा बायपास होत्या, कधीपासून, कोणाच्या सहीने.

तीन: ज्वलनशील वाफेच्या किंवा स्फोटक धुळीच्या जागेत विजेवर तापणाऱ्या प्रत्येक यंत्राला वेगळा, हाताने रिसेट होणारा मर्यादा-थर्मोस्टॅट असावा, आणि तो खरंच पडतो का याची ठरावीक काळाने चाचणी व्हावी, नोंदीसह.

चार: बायपास करायचाच असेल तर लेखी परवाना, नाव, तारीख आणि संपण्याची वेळ. ती पाटी यंत्रावरच लटकवा, सगळ्यांना दिसेल अशी. तोंडी जंपर हा गुन्हा माना.

पाच: धोक्याच्या क्षेत्रातल्या फिटरसाठी आयटीआयमध्येच महिनाभराचा वेगळा अभ्यासक्रम आणि परीक्षा. ठेक्यावरच्या माणसालाही तीच अट.

आणि कामगार मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, आणि जीवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कायद्याची पुस्तकं बदलतात, आता नव्या श्रम संहिता आल्यात, पण हा हक्क एवढ्या मेलेल्या माणसांच्या जिवावर आलेला आहे. तो कोणी विसरायला लावत असेल तर विसरू नका. उद्या ड्युटीवर गेलात की तुमच्या मशीनवरच्या डब्याचे बोल्ट मोजा. हात लावू नका, उघडू नका, नुसते मोजा. कमी असतील तर शिफ्ट रजिस्टरमध्ये तारीख-वेळ टाकून लिहा, खाली सही करा आणि त्या पानाचा फोटो गेटबाहेर आल्यावर घरच्यांकडे राहील अशी सोय करा.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. पुढच्या वेळी "ऑपरेटरची चूक" अशी बातमी येईल, तेव्हा त्या ऑपरेटरच्या बायकोच्या हातात निदान एक कागद असावा, एवढ्यासाठी लिहितोय.

पटलं तर पुढे पाठवा. नाव नाही टाकलं तरी चालेल.